न थकणारं नाक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या वडिलांचा अत्तराचा धंदा होता. दुकान म्हणजे काय, एक लाकडी पेटी, तिच्यात काचेच्या बुटक्या बाटल्यांच्या रांगा आणि कापसाचे बोळे. आठवडे बाजार, उरूस, जत्रा जिथं असेल तिथं अब्बा ती पेटी घेऊन बसायचे. गिऱ्हाईक आलं की एका अत्तराचा फाया हातावर ठेवायचे, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. चौथी बाटली मात्र उघडत नसत. "आता जरा बाजारात फिरून या," असं म्हणायचे. मला लहानपणी हे कोडं वाटायचं. चालून आलेलं गिऱ्हाईक कुणी परत पाठवतं का? एकदा विचारलं तर म्हणाले, "त्याचं नाक थकलंय. आता गुलाब दिला काय आणि खस दिलं काय, त्याला सारखंच."

नाक थकतं, ही गोष्ट मी अशी शिकलो. पुढं रसायनशास्त्राच्या स्टोअररूममध्ये ती पुन्हा शिकावी लागली. त्या वेळी तिची किंमत दुसऱ्याच माणसानं मोजली.

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. कविता करत होतो, पण कवितेवर चूल पेटत नाही. म्हणून तालुक्याच्या गावी एका कॉलेजात कारकून म्हणून लागलो. १९९५ च्या सुमाराला रसायनशास्त्र विभागाचे स्टोअरकीपर निवृत्त झाले आणि नवीन माणूस काही मिळेना. तेव्हा डेडस्टॉक रजिस्टर माझ्या हाती आलं. "नुसत्या नोंदी ठेवायच्या आहेत," असं मला सांगण्यात आलं.

मला वाटलं, बाटल्या म्हणजे शेवटी पुस्तकंच की. मी उत्साहानं सगळ्या बाटल्या ए, बी, सी, डी अशा क्रमानं लावून टाकल्या. दिसायला ती खोली ग्रंथालयासारखी सुंदर झाली. पुढं प्रॅक्टिकलच्या परीक्षेला एक्स्टर्नल म्हणून आलेल्या एका प्राध्यापक बाईंनी ती पाहिली आणि विचारलं, "हे कुणी लावलं?" मी अभिमानानं पुढं झालो. बाईंनी 'एन'च्या फळीकडे बोट दाखवलं. तिथं नायट्रिक ॲसिड आणि नायट्रोबेन्झीन शेजारी शेजारी बसले होते. "हे दोघं एकत्र आले तर स्फोटक मिश्रण होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी बोटानं एका बाटलीवरची पांढरी पूड पुसली. मी ती रोज धूळ समजून झटकत होतो. तो नवसागर होता, कल्हईवाला वापरतो तोच. एका कपाटातल्या अमोनियाची वाफ आणि दुसऱ्या कपाटातल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ झाकणांतून हळूहळू निसटत होती आणि हवेत भेटून बाटल्यांवर बसत होती. म्हणजे ती खोली मला रोज काहीतरी सांगत होती, पण मला तिची भाषा येत नव्हती.

त्या दिवशी बाईंनी मला धोकादायक रसायनं ठेवण्याचा पहिला नियम सांगितला. रसायनं नावावरून लावायची नसतात, स्वभावावरून लावायची असतात. आम्लं एका बाजूला, अल्कली दुसऱ्या बाजूला. पेट घेणारी वेगळी आणि आगीला बळ देणारी त्यांच्यापासून दूर. सोडियम धातू रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, कारण पाण्याशी त्याचं जमत नाही. पांढरा फॉस्फरस पाण्यात ठेवायचा, कारण हवेशी त्याचं जमत नाही. पिक्रिक ॲसिड ओलं राहिलं पाहिजे, ते वाळलं तर स्फोटक होतं. मला हे सगळं एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबासारखं वाटलं. कुणाला कुणाशेजारी जेवायला बसवायचं नाही, हे घरातल्या मोठ्या बाईला ठाऊक असावं लागतं.

बाटल्या मी पुन्हा लावल्या. पण मुख्य गोष्ट पुढंच घडायची होती.

आमच्या विभागात एक लॅब अटेंडंट होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. मुलांनी क्षार ओळखण्याच्या प्रयोगाला हायड्रोजन सल्फाइड हा वायू लागायचा. तो किप्सच्या उपकरणात तयार होई. त्यात लोहाच्या सल्फाइडचे खडे आणि ॲसिड भरायचं काम मामांचं. सडक्या अंड्यासारखा तो वास कॉलेजात शिकलेल्या कुणालाही आठवत असेल. हे उपकरण स्टोअरला लागून असलेल्या एका छोट्या खोलीत होतं. एका शनिवारी त्याची तोटी नीट बंद झाली नाही आणि रविवारभर खोली बंद राहिली. सोमवारी सकाळी मामांनी दार उघडलं. वास आलाच. दार थोडा वेळ उघडं ठेवून ते आत गेले. मी दारात उभा राहून विचारलं, "मामा, वास आहे का अजून?" ते म्हणाले, "गेला आता. काय सुदिक येत न्हाई."

पुढच्या दोन मिनिटांत ते खाली बसले आणि मग आडवे झाले. दोन शिपायांनी नाकाला रुमाल बांधून त्यांना व्हरांड्यात ओढून आणलं. आज मला कळतं की तेही चूकच होतं. रुमाल वायू अडवत नाही आणि अशा वेळी वाचवायला गेलेला माणूसही आतच पडू शकतो. नशीब आमचं, मामा वाचले. तीन आठवडे त्यांचं डोकं दुखत होतं. कॉलेजच्या कागदावर मात्र "चक्कर आली" एवढंच लिहिलं गेलं आणि ते तीन आठवडे त्यांच्या स्वतःच्या रजेतून वळते झाले. तो कागद मीच टाइप केला होता, आणि ही गोष्ट मला अजून टोचते.

बरे झाल्यावर मामा मला म्हणाले, "कविराज, वास गेला न्हवता. माझं नाक गेलं हुतं."

शास्त्र अगदी हेच सांगतं. हायड्रोजन सल्फाइड फार थोडा असतो तेव्हा आपलं नाक तो झटकन ओळखतं. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की वास ओळखण्याची शक्तीच काही मिनिटांत बधिर होते. वायू वाढत जातो आणि माणसाला वाटतं, वास गेला. जिथं नाकाची सर्वांत जास्त गरज असते, तिथंच ते साथ सोडतं. काही वायूंच्या बाबतीत तर नाकाला सुरुवातही करता येत नाही. नायट्रोजनचं उदाहरण घ्या. आपल्या हवेचा अठ्ठ्याहत्तर टक्के भाग तोच आहे. त्याला रंग नाही, वास नाही. प्रयोगशाळांत तो द्रवरूपात, उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवलेला असतो. एक लिटर द्रव सांडून त्याची वाफ झाली की सुमारे सातशे लिटर वायू होतो आणि खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारला जातो. गुदमरल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः शरीरात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. इथं तो श्वासावाटे बाहेर पडतच राहतो, म्हणून गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस सरळ कोसळतो.

हे सगळं आज बोलावंसं वाटलं त्याला कारण माझी धाकटी मुलगी. ती पुण्यात एका संशोधन प्रयोगशाळेत काम करते. मध्यंतरी तिनं मला तिचं स्टोअर बाहेरून दाखवलं. दारावर मनगटी घड्याळाएवढा एक पडदा होता आणि त्यावर २०.९ असा आकडा. मी विचारलं, "हा काय तपमानाचा आकडा?" ती म्हणाली, "नाही अब्बा, आतल्या हवेतला ऑक्सिजन. साडेएकोणीसच्या खाली गेला तर आत जायचं नाही. आकडा दाराबाहेर लावलाय, कारण आत गेल्यावर कळून काय उपयोग?" मला मामा आठवले. तो पडदा त्या दारावर असता तर?

ज्याला आपण सेन्सर म्हणतो, मराठी पुस्तकांत संवेदक म्हणतात, तो असतो तरी काय? मुलीनं मला समजेल असं सांगितलं, तसंच मी तुम्हाला सांगतो. विषारी वायूंसाठी बहुधा एक छोटी विद्युत-रासायनिक डबी वापरतात. तिच्या पातळ पडद्यातून वायू आत शिरतो, आतल्या पट्टीवर त्याची रासायनिक क्रिया होते आणि बारीकसा वीजप्रवाह निर्माण होतो. वायू जितका जास्त तितका प्रवाह जास्त. पेट घेणाऱ्या वायूंसाठी दुसरा प्रकार असतो. त्यात एका तापलेल्या मण्यावर वायू जळतो, मणी अधिक तापतो आणि त्यावरून वायूचं प्रमाण कळतं. बाजारात शे-दोनशे रुपयांत मिळणारे सेन्सरही असतात. पण ते भोळे असतात. गॅस, स्पिरिट, उदबत्तीचा धूर, सगळ्यांना सारखेच ओरडतात. याशिवाय तपमानाचे, दमटपणाचे, गळती ओळखणारे सेन्सर असतात. कपाटाचं दार उघडं राहिलं हे सांगणारे आणि सिलिंडरचं किंवा बाटलीचं वजन मोजत राहणारेही असतात.

मग हे 'जोडलेले' सेन्सर म्हणजे काय? साधी घंटा खोलीत वाजते. खोलीत कुणी नसेल तर ती भिंतींना ऐकू येते. आमच्या किप्सच्या खोलीत रविवारी घंटा वाजली असती तर कॉलेजच्या कावळ्यांनी ऐकली असती. जोडलेला सेन्सर आपला आकडा ठरावीक वेळानं बिनतारी जाळ्यातून एका संगणकाकडे पाठवतो. आकडा मर्यादेबाहेर गेला की संगणक जबाबदार माणसाच्या मोबाइलवर निरोप धाडतो. पाच-दहा मिनिटांत त्यानं पोच दिली नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. दरम्यान तो एक्झॉस्ट पंखा सुरू करू शकतो, गॅसची झडप बंद करू शकतो. शिवाय तो सगळे आकडे जपून ठेवतो. फ्रीज एकदम बिघडत नाही, महिनाभर आधीपासून रोज थोडा थोडा कमी गार होत असतो. माणसाच्या ते लक्षात येत नाही, पण आकड्यांच्या रांगेत ते स्वच्छ दिसतं.

ही काही दूरदेशीची जादू नाही. आपल्या सरकारी लसीकरणाच्या कामात, जिथं लसी साठवतात त्या फ्रीजना 'ईविन' नावाच्या योजनेखाली असेच तपमानाचे सेन्सर बसवलेले आहेत. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. तपमान ढळलं की निरोप जातो. पोलिओचे थेंब घेणाऱ्या बाळाच्या आईला याचा पत्ताही नसतो, आणि नसला तरी चालतं.

पण सेन्सर लावला म्हणजे झालं, असं समजू नये. तो कुठं लावला याला फार महत्त्व आहे. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते. अमोनिया आणि हायड्रोजन हलके, ते छताकडे धाव घेतात. एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या जागी लावला तर तो शांत बसून राहील आणि आपण त्या शांततेवर विश्वास ठेवू. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ एल.जी. पॉलिमर्सच्या कारखान्यातल्या साठ्याच्या टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडली आणि बारा माणसं गेली. प्रयोगशाळेची नव्हे, कारखान्याची ही गोष्ट, पण धडा तोच आहे. राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं दाखवून दिलं की त्या टाकीचं तपमान फक्त तळाशी मोजलं जात होतं. वरचा थर तापत चालला होता आणि तिथं मोजणारं काही नव्हतं. गावाला सावध करायचे भोंगे होते, पण ते वाजवले गेले नाहीत.

दुसरी गोष्ट, सेन्सर स्वतःही विजेवर चालतो. पेट घेणाऱ्या वाफेच्या कपाटात भलतंच उपकरण ठेवलं तर त्याची एक ठिणगी पुरते. म्हणून तिथं मुद्दाम ठिणगी पडणार नाही अशा बनावटीचीच उपकरणं लागतात. त्याला घरासारखी वीज पुरून चालत नाही, बॅटरीची सोय हवी. दिवे गेले म्हणून वायू काही थांबत नाही. इंटरनेट बंद पडलं तरी दारावरची घंटा वाजलीच पाहिजे. आणि सेन्सरही म्हातारा होतो. ती विद्युत-रासायनिक डबी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. म्हणून अधूनमधून ठाऊक असलेला वायू थोडासा सोडून, तो ओळखतोय ना, हे पाहावं लागतं. शीर्षकात मी त्याला न थकणारं नाक म्हटलंय खरं, पण त्याची निगा राखली तरच ते खरं ठरतं.

काही धोक्यांना वास नसतो, तारीख असते. ईथरची बाटली उघडली की हवेच्या आणि उजेडाच्या संपर्कानं तिच्यात हळूहळू पेरॉक्साइड तयार होतात. दिसायला ईथर तसंच पाण्यासारखं स्वच्छ असतं, पण जुन्या बाटलीचं झाकण फिरवतानाही स्फोट होऊ शकतो. मुलीच्या प्रयोगशाळेत प्रत्येक बाटलीला एक चिठ्ठी चिकटवलेली असते. ती यंत्रापुढं धरली की बाटली कधी आली, कधी उघडली, कुठल्या कपाटात हवी, हे कळतं. मुदत भरत आली की संगणक आपणहून आठवण करतो. माझं डेडस्टॉक रजिस्टर आपणहून कधी काही बोललं नाही. त्यात कित्येक बाटल्यांपुढं मी वर्षानुवर्षं "शिल्लक १" लिहीत राहिलो.

या विसराळूपणाचं मोल किती मोठं असू शकतं, ते दिल्लीत दिसलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ असलेलं एक उपकरण होतं. १९८५ पासून ते वापरात नव्हतं. आत काय आहे याची आठवण पुसट झाली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात गेलं. मायापुरीच्या भंगारबाजारात कामगारांनी ते हातांनी फोडलं. एकाचा जीव गेला, बाकीचे किरणोत्सर्गानं आजारी पडले. किरणांना वास नाही, रंग नाही. त्या कामगारांना कुणी काही सांगितलं नव्हतं. "शिल्लक १" लिहिणारा माझ्यासारखा कुणी कारकून तिथंही असेलच. ते उपकरण दाराबाहेर जाताना ओरडणारं काही असतं, तर ते दारातच थांबलं असतं.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. निरोप आला, पण ऐकणारा कोण? अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड इथं मार्च २०१८ मध्ये एका वंध्यत्व-उपचार केंद्रात द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीतलं तपमान वाढलं. जोडप्यांनी आशेनं जपून ठेवलेली चार हजारांहून अधिक स्त्रीबीजं आणि भ्रूण धोक्यात आले. सेन्सर होता, दूर निरोप धाडणारी यंत्रणा होती. मात्र ती बंद करून ठेवलेली होती, असं त्या संस्थेनंच नंतर रुग्णांना कळवलं.

यंत्रणा माणसं का बंद करतात? आळसानंच करतात असं नाही. उगाच वाजणारी घंटा पहिल्या आठवड्यात पळवते, दुसऱ्या आठवड्यात चिडवते आणि तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी तिची वायर काढतो. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. नाक थकतं तसे कानही थकतात. म्हणून मर्यादा विचारपूर्वक ठरवाव्या लागतात, खोटी घंटा वाजली तर ती का वाजली हे शोधावं लागतं आणि निरोप कुणी घ्यायचा ते नावानिशी लिहून ठेवावं लागतं. रात्रीच्या पहारेकऱ्यालाही शिकवावं लागतं की घंटा वाजली तर आत धावायचं नाही. दार उघडायचं नाही, माणसं दूर न्यायची आणि अमुक नंबरवर फोन करायचा.

मी मुलीला विचारलं, "आमच्यासारख्या छोट्या कॉलेजनं काय करावं? एवढा पैसा कुठून आणायचा?" ती म्हणाली, "अब्बा, सेन्सर सगळ्यात शेवटी लावायचा. आधी बाटल्या वेगळ्या करा. नको असलेल्या रीतसर नष्ट करायला द्या. चिठ्ठ्या नीट लावा, पंखा चालू आहे का पाहा. लागेल तेवढंच विकत घ्या. एवढं केलंत तर चार सेन्सरांत भागेल. हे न करता शंभर लावलेत तरी ते नुसते ओरडत राहतील." अब्बांच्या पेटीचंही तसंच होतं. बाटल्या गडद काचेच्या, बुचं घट्ट, पेटी सावलीत आणि घेतलेला माल नजरेसमोर संपेल एवढाच. त्यांनी रसायनशास्त्राचं नावही ऐकलेलं नव्हतं.

किप्सचं उपकरण आता अनेक कॉलेजांतून गेलं आहे, ते बरंच झालं. मामाही निवृत्त होऊन गावी शेती बघतात. मागच्या दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा त्यांना त्या दारावरच्या पडद्याची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर कविराज, आकडा कमी झाला आन् तरी सायबांनी सांगितलं, जा आत, तर?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही सेन्सरकडे नाही. ते कॉलेजांच्या प्राचार्यांकडे, विभागप्रमुखांकडे आणि "चक्कर आली" असं टाइप करणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनांकडे आहे. दारावरचा आकडा कमी झाला की अटेंडंटनं "मी आत जाणार नाही" असं म्हणावं आणि त्याची रजा कापली जाऊ नये. हे ज्या कॉलेजात ठरलं असेल, तिथलं स्टोअर सुरक्षित आहे असं मी म्हणेन.